नौपाड्यातला घरगुती ऑप्टिकल फायबर: साहित्याच्या निवडीचा एक प्रकरण अभ्यास

माझी भाची अकरावी सायन्सला आहे. घर ठाण्यात, नौपाड्यात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "मामा, ऑप्टिकल फायबर घरी बनवता येतो का? विकतचा नको, आपण बनवलेला." कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिला मोबाइलमधलं गाणं एका टोकाला लेझरच्या प्रकाशावर चढवायचं होतं आणि एक मीटर लांबच्या दुसऱ्या टोकाला स्पीकरवर ऐकवायचं होतं. मी ऐरोलीला राहतो आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये मोजमापाची उपकरणं दुरुस्त करतो. त्यामुळे ब्लो टॉर्च, मल्टीमीटर, पॉलिश पेपर हे सगळं हाताशी होतं. पाच रविवार मी ट्रान्स हार्बरची लोकल पकडून ठाण्याला गेलो. त्या पाच रविवारांत आम्ही काय ओढलं, काय वितळवलं, काय टाकून दिलं आणि शेवटी कशावर थांबलो, ते इथे लिहितो आहे.

पहिल्या रविवारी तिने वही पुढे केली. तक्ता नीट आखलेला होता, प्रत्येक पदार्थाचा अपवर्तनांक, म्हणजे तो पदार्थ प्रकाशाला किती मंद करतो आणि वळवतो त्याचा आकडा, लिहिलेला: पाणी १.३३, ग्लिसरीन १.४७, अ‍ॅक्रिलिक १.४९, साधी काच १.५२, नायलॉन १.५३, साखरेची काच १.५४, पॉलिस्टायरीन १.५९. सर्वांत मोठ्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल. तिचं म्हणणं सरळ होतं. अपवर्तनांक जितका मोठा, तितका क्रांतिक कोन लहान (भिंतीच्या लंबाशी याहून मोठा कोन करून आदळलेला किरण बाहेर न जाता पूर्ण आत परततो), म्हणजे तितका जास्त प्रकाश आत कोंडला जाणार. मग पॉलिस्टायरीनच घ्यायचं.

यात चुकीचं काहीच नाही, आणि म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही. हवेच्या संदर्भात साध्या काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४१ अंश येतो, पॉलिस्टायरीनचा सुमारे ३९. दोन अंशांच्या फरकासाठी आपण साहित्य निवडत होतो. आणि तक्त्यात एक रकानाच नव्हता: तंतूच्या बाहेर काय असणार? आम्ही दोघांनीही ते हवा असं गृहीत धरलं होतं. मीही त्या दिवशी तिला अडवलं नाही. हा रकाना तिच्या वहीत आला तो तिसऱ्या रविवारी, आणि आला तेव्हा निवड पार उलटीपालटी झाली.

पॉलिस्टायरीन शोधायला लांब जावं लागलं नाही. सीडीची जुनी पारदर्शक कव्हरं त्याचीच असतात. ज्योतीवर धरलं की ते काळ्या धुराने पेटतं आणि काजळी थेट तंतूवर बसते, म्हणून मी हॉट एअर गन नेली होती. पट्टी मऊ झाली, दोन पक्कडींनी ओढली, तंतू निघालाही. पण त्यात ठिकठिकाणी बारीक बुडबुडे आणि एक दुधाळ झाक. वीस सेंटिमीटरपर्यंत लाल ठिपका दिसला, पुढे नाही. वाकवला की कट्‍कन तुटायचा. वासही डोक्यात जाणारा. तासाभरात ते बाजूला ठेवलं.

तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तिनेच आणला होता, मण्यांच्या माळा ओवतात तोच, चेंदणी कोळीवाड्याकडच्या दुकानातून. जाडी एकसारखी, पृष्ठभाग गुळगुळीत, लवचीक, तुटण्याची भीती नाही. बाहेरून पाहिलं तर आदर्श माल. पण नायलॉनच्या आत स्फटिकांचे सूक्ष्म पुंज असतात आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून विखुरतो. लेझर लावल्यावर पहिले दहा-पंधरा सेंटिमीटर सगळा तंगूस उदबत्तीसारखा लाल उजळला आणि पुढे काळोख. भाचीला तो फार आवडला, आणि खरंच सुंदर दिसत होता. पण बाजूने दिसणारा प्रकाश म्हणजे टोकाला न पोचणारा प्रकाश, हे तिला त्या एका दृश्यातून जितकं समजलं तितकं मी बोलून समजावू शकलो नसतो.

साखरेवर मात्र थोडं थांबायला हवं. तंतू म्हणजे काय हे आपल्या स्वयंपाकघराला फार आधीपासून ठाऊक आहे, एकतारी आणि दोनतारी पाक हे शब्दच त्याची साक्ष. ताईने कढईत पाक चढवला. तारेच्या पुढे, गोळीबंदच्याही पुढे, थेंब गार पाण्यात पडला की काचेसारखा टचकन तुटेल इथपर्यंत. हे तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. लिंबाचे चार थेंब तिने सवयीने पिळले. आंबटामुळे साखरेचे काही रेणू फुटतात आणि पाक पुन्हा दाणेदार होत नाही. लाडवांसाठी हा गुण जितका कामाचा, तितकाच फायबरसाठी, कारण एक दाणा धरला की त्या जागी प्रकाश संपला. चमच्याच्या टोकाने ओढलेली तार हातभर लांब निघाली, फिकट सोनेरी, आणि तिच्यातून लेझर लख्ख गेला. भाचीने टाळ्याच वाजवल्या. बाहेर पाऊस कोसळत होता. पाऊण तासाने तार चिकट झाली, मधोमध झुकली, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत ताटात तिचा ओघळ उरला होता. साखर हवेतलं पाणी ओढते. ठाण्याच्या जुलैमध्ये ती काच म्हणून टिकणं शक्य नाही. जानेवारीत, कोरड्या हवेत, एखाद्या शाळेने हा प्रयोग जरूर करावा. फक्त उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा कितीतरी खोल भाजतो, त्यामुळे कढई मोठ्या माणसाच्याच हातात हवी.

दुसऱ्या रविवारी काच. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून मी ६ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या कांड्या आणल्या होत्या. साधी काच म्हणजे सोडा लाइम, ती साधारण ७२० अंशांना मऊ होते, टॉर्चला सहज जमतं. बोरोसिलिकेट, म्हणजे प्रयोगशाळेतल्या भांड्यांची उष्णता सोसणारी काच, सुमारे ८२० अंशांना. शुद्ध सिलिका, जिचे खरे टेलिफोनचे फायबर बनतात, ती तर १६०० अंशांच्याही पुढे. ती घरी अशक्य, म्हणून तिचा विचार सोडला.

कांडी ज्योतीत फिरवायला लागलं की आधी निळी ज्योत पिवळीधमक होते. काचेतला सोडियम ज्योतीत उजळायला लागल्याची ती खूण. मग कांडीचा मधला भाग केशरी होतो, स्वतःच्याच वजनाने खाली लोंबू लागतो. त्या क्षणी कांडी ज्योतीबाहेर काढायची, मनात एक अंक मोजायचा आणि दोन्ही हात एका दमात बाजूला न्यायचे. ज्योतीतच ओढलं तर तंतू वितळून तुटतो. फार थांबलं तर काच गोठते आणि जाड काडी मिळते. भाचीच्या सातव्या प्रयत्नाला गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तंतू निघाला. केसापेक्षा थोडा जाड, हातात धरला तर वजन जाणवेना. तिने वहीत हिशेब केला. ६ मिलिमीटरची कांडी ०.२ मिलिमीटर झाली म्हणजे जाडी तीस पटींनी घटली, क्षेत्रफळ नऊशे पटींनी, म्हणून १ सेंटिमीटर कांडीतून ९ मीटर तंतू. ते वाचून ती पाच मिनिटं कांडीकडे नुसती बघत बसली होती. १८८७ मध्ये चार्ल्स व्हर्नन बॉइज या इंग्रज शास्त्रज्ञाने वितळलेलं क्वार्ट्झ बाणाला चिकटवून, तो बाण धनुष्यातून सोडून असेच अतिबारीक तंतू ओढले होते. हे सांगितल्यावर तिने गलोल आणायची परवानगी मागितली. ती दिली नाही.

न देण्याचं कारण इथे स्पष्ट लिहितो. काचेच्या तंतूचा तुटलेला तुकडा डोळ्यांना दिसत नाही आणि कातडीत शिरला तर काढताना आत मोडतो. डोळ्यात गेला तर विचारूच नका. आम्ही दोघांनीही पूर्ण वेळ गॉगल घातले होते. जमिनीवर ओले वर्तमानपत्र अंथरलं होतं, आणि प्रत्येक फेरीनंतर रुंद चिकटपट्टी जमिनीवर दाबून तुकडे उचलले. झाडू अजिबात नाही, झाडूत अडकलेले तुकडे दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या पायात जातात. ताईने स्वयंपाकघरात काच ओढायला सक्त मनाई केली होती आणि तिचं बरोबर होतं. लेझरचंही तसंच. फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही, पांढऱ्या कागदावर ठिपका पाडूनच पाहायचा.

आता मोजमाप. नुसतं "छान उजळलं" असं म्हणून साहित्य निवडता येत नाही. बागेतल्या एका बंद पडलेल्या सोलर दिव्याची छोटी पट्टी काढली आणि तिच्या तारा मल्टीमीटरला करंटच्या रेंजवर जोडल्या. सोलर सेलचा असा मोजलेला करंट प्रकाशाच्या प्रमाणात वाढतो, एलडीआरसारखा (प्रकाशाने ज्याचा रोध बदलतो तो सेन्सर) वाकडातिकडा नाही. पद्धत कापून मोजण्याची. लांब तंतूच्या टोकाचा आकडा घ्यायचा, मग लेझरकडची बाजू जराही न हलवता तंतू मधेच कापायचा आणि पुन्हा आकडा घ्यायचा. प्रकाश आत शिरताना जो वाया जातो तो दोन्ही वेळा सारखाच, म्हणून त्याचा हिशेब आपोआप गळून पडतो. ८० सेंटिमीटरला २१० मायक्रोअँपियर, ३० सेंटिमीटरला ३४०. घट डेसिबलमध्ये मोजतात, दर ३ डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. म्हणजे अर्ध्या मीटरमध्ये सुमारे २ डेसिबल, मीटरला ४. मीटरभरात चाळीस टक्के प्रकाश उरतो. प्रदर्शनापुरतं इतकं पुरेसं.

४ हा आकडा कुठून आला, हेही पाहिलं. एक भाग काचेच्या रंगाचा. टीपॉयवरच्या काचेची कड हिरवी दिसते ती तिच्यातल्या लोहामुळे, आणि हे लोह लाल प्रकाश चांगलाच खातं. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी दाखवून दिलं की काचेत प्रकाश मरतो तो मुख्यतः अशुद्धीमुळे, काचेच्या स्वभावामुळे नाही, आणि किलोमीटरला २० डेसिबलच्या खाली उतरलं तर फायबरवरून टेलिफोन चालू शकेल. १९७० मध्ये कॉर्निंगच्या तिघा संशोधकांनी ती पातळी गाठली. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळालं. आजचा फायबर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल घालवतो, म्हणजे प्रकाश निम्मा व्हायला १५ किलोमीटर लागतात. आमच्या तंतूला पाऊण मीटर पुरत होतं.

दुसरा भाग ओढण्याचा. हाताने ओढलेला तंतू कुठे जाड, कुठे बारीक. बारीक होत जाणाऱ्या भागात किरणांचे कोन फाकत जातात, जाडी निम्मी झाली की कोनाचा साइन दुप्पट होतो, आणि जे किरण आधी भिंतीवरून परतत होते ते बाहेर सांडतात. अंधारात पाहिलं तर आमच्या तंतूवर अशा तीन जागा लाल चमकत होत्या, आणि तिन्ही ठिकाणी बोटाला निमुळतेपणा लागत होता.

बोटाला लागत होता, म्हणजे बोट लावलं गेलं. इथेच ते घडलं. तंतू कापण्याआधी भाचीने तो मुठीत धरला आणि मल्टीमीटरवरचा आकडा २१० वरून १२० वर आला. सोडल्यावरही तो पूर्ण चढला नाही, कारण तंतूवर हाताचा तेलकटपणा राहिला होता. स्पिरिटने पुसल्यावर परत २०५ पर्यंत गेला. मग तिने मुद्दाम पाण्याचा थेंब सोडला, खोबरेल तेलाचं बोट लावलं. तेलाच्या जागी तंतू दिव्यासारखा पेटला.

"मामा, म्हणजे बाहेर काय आहे त्याच्यावर सगळं आहे."

हाच तो राहिलेला रकाना. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास. काच १.५२, बाहेर १.४५, मग क्रांतिक कोन ४१ अंशांवरून एकदम ७२ च्या पुढे जातो आणि मधल्या कोनांचे सगळे किरण बाहेर. प्रदर्शनात शंभर मुलं हात लावणार. टेबलाला तंतू टेकणार, चिकटपट्टी लागणार. उघडा तंतू, मग तो कितीही उत्तम काचेचा असो, तिथे चालणारच नव्हता.

हा प्रश्न आमचाच नव्हता, मोठमोठ्यांना तो अडला होता. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरल्ड हॉपकिन्स यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात काचतंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. १९५४ मध्ये 'नेचर'मध्ये ते छापून आलं. पण जुडग्यातले उघडे तंतू एकमेकांना टेकले की प्रकाश या तंतूतून त्या तंतूत गळायचा. त्याच अंकात नेदरलँड्सच्या आब्राहाम व्हान हील यांनी तंतूला कमी अपवर्तनांकाचं आवरण द्यायची कल्पना मांडली होती. काचेवर काचेचंच आवरण चढवायचं काम १९५६ च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठात लॉरेन्स कर्टिस याने केलं. जास्त अपवर्तनांकाची कांडी कमी अपवर्तनांकाच्या नळीत घालून दोन्ही एकदम ओढल्या. कर्टिस तेव्हा पदवीचा विद्यार्थी होता. हे वाक्य मी भाचीला दोनदा सांगितलं.

कांडी-नळीचा हा मार्ग आम्हाला बंद होता, कारण एकमेकींत बसणाऱ्या आणि सारख्याच तापमानाला मऊ होणाऱ्या दोन काचा आम्हाला मिळेनात. तिसऱ्या रविवारी आवरणाचे दोन प्रयत्न केले. पहिला अ‍ॅक्रिलिकचा. वागळे इस्टेटमध्ये नावाच्या पाट्या बनवणाऱ्या एका दुकानातून कांड्यांची कापटं मिळाली. त्यांतली निम्मी तापवल्यावर रबरासारखी ताणली जायची आणि हात सैल सोडला की मागे यायची, तंतू काही निघेना. दुकानदाराने एका वाक्यात उलगडा केला: "ते कास्ट आहे, एक्स्ट्रूडेड घ्या." कास्ट अ‍ॅक्रिलिक साच्यात ओतून बनवतात, त्याचे रेणू इतके लांब असतात की ते वाहतच नाहीत. एक्स्ट्रूडेड, म्हणजे वितळवून भोकातून दाबून काढलेली कांडी ओढली गेली, पण पावसाळ्यात तिने ओलावा प्यायलेला असतो, त्यामुळे तापवताच आत बुडबुडे. आधी ८० अंशांना काही तास सुकवली तेव्हा तंतू नितळ निघाला. फार तापवलं तर अ‍ॅक्रिलिक पुन्हा आपल्या मूळ द्रवाच्या वाफेत उतरतं आणि ती वाफ घशाला झोंबते, म्हणून हे काम गॅलरीत, पंखा पाठीमागून ठेवून. तंतू चांगला होता. बाजारातले प्लॅस्टिक फायबर याच अ‍ॅक्रिलिकचे असतात, १ मिलिमीटर जाड, वरून फ्लोरिनयुक्त पॉलिमरचं पातळ आवरण, लाल प्रकाशाला मीटरमागे अवघे ०.१५ ते ०.२ डेसिबल. पण ते आवरणच आमच्याकडे नव्हतं. उघडं अ‍ॅक्रिलिक मुठीत धरलं की काचेसारखंच मंद.

दुसरा प्रयत्न सिलिकॉन सीलंटचा, बाथरूमच्या फटी भरायला वापरतात तो पारदर्शक. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४१, म्हणजे काचेला आवरण म्हणून उत्तम. तंतूवर तो चढवायचा कसा, हा खरा प्रश्न. बोटाने निपटला तर तंतू तुटला, नळीतून ओढला तर गाठी झाल्या. पाच तंतू तुटले. भाचीचा चेहरा उतरला होता. तिने वहीत नव्या रकान्यात 'सिलिकॉन १.४१' एवढं लिहिलं आणि त्या दिवशी आम्ही थांबलो.

चौथ्या रविवारी मार्ग सापडला, तो कांड्या निवडताना. दुकानाने साध्या आणि बोरोसिलिकेट कांड्या एकाच पुडक्यात बांधल्या होत्या. बघून फरक कळत नाही. पण ताईच्या कपाटात टाचांच्या भेगांसाठी ठेवलेली ग्लिसरीनची बाटली होती. ती काचेच्या ग्लासात ओतली आणि मी एकेक कांडी त्यात बुडवली. साधी कांडी ग्लिसरीनमध्ये दिसत राहिली, कडांना बारीक चमक धरून. पुढची बुडवली आणि ती पृष्ठभागाखाली नाहीशी झाली. वरचा भाग माझ्या बोटात, खालचा नाहीच, जणू कांडी तिथेच तोडून टाकली. बोरोसिलिकेटचाही अपवर्तनांक १.४७ आणि ग्लिसरीनचाही १.४७. प्रकाशाला दोघांमधली सीमाच सापडत नाही, मग परावर्तन कुठून होणार आणि डोळ्याला कड कुठून दिसणार!

भाचीने कांडी माझ्या हातातून घेतली, चार-पाच वेळा वरखाली केली. मग वही उघडली.

"मामा, प्रकाशाच्या दृष्टीने ग्लिसरीन म्हणजे काचच ना? मग काचेवर सिलिकॉन चढवण्यापेक्षा सिलिकॉनच्या आत ग्लिसरीन भरलं तर?"

तिने विचारलं तेव्हा मला लगेच उत्तर सुचलं नाही. मी मनात आकडे फिरवत होतो. गाभा १.४७, आवरण १.४१. क्रांतिक कोन जवळजवळ ७४ अंश, म्हणजे अक्षापासून, नळीच्या मधल्या रेषेपासून, १६ अंशांच्या आतले किरण टिकणार. लेझरचा झोत तर त्याहून कितीतरी सरळ. द्रव भरलेले फायबर नवीन नाहीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये आणि ऑस्ट्रेलियात काचेच्या केशनळ्यांत द्रव भरून गंभीर प्रयोग झाले होते. पण ती तिथे पोचली ते एका नाहीशा झालेल्या कांडीवरून, स्वतःच्या वहीतल्या दोन ओळी जोडून.

घाईत पहिली नळी चुकीची आणली गेली. मेडिकलमधून सलाइनची नळी, काचेसारखी स्वच्छ. ती पीव्हीसीची असते, अपवर्तनांक १.५३ च्या आसपास, ग्लिसरीनपेक्षा जास्त. त्यामुळे प्रकाश ग्लिसरीनमधून भिंतीत शिरला आणि नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, हवेच्या भरवशावर पुढे गेला. मुठीत धरलं, आकडा कोसळला. स्वच्छ दिसणारी नळी नापास झाली आणि फिशटँकच्या दुकानातली किंचित दुधाळ, दाबली की लिबलिबणारी सिलिकॉनची नळी पास झाली. नवीन माणूस इथे डोळ्यांनी निवड करतो आणि फसतो. आवरणाचं नितळ असणं दुय्यम आहे, प्रकाश त्याच्यातून जायचाच नाहीये. त्याचा अपवर्तनांक कमी हवा आणि आतली बाजू गुळगुळीत हवी.

भरण्याचं काम किचकट होतं. ग्लिसरीन मधासारखं दाट, एकदा बुडबुडा अडकला की हलत नाही. भाचीचं म्हणणं, थोडं पाणी घालून पातळ करू. आकडा पाहिला तर निम्म्यास निम्मं पाणी घातलेल्या ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४० च्याही किंचित खाली जातो, म्हणजे सिलिकॉनपेक्षा कमी, आणि फायबर फायबरच राहत नाही. म्हणून पाणी नाही. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ग्लिसरीन पातळ केलं, रात्रभर झाकून ठेवून बुडबुडे वर येऊ दिले, आणि पाचव्या रविवारी सिरिंजने नळीच्या खालच्या टोकातून वर, अगदी सावकाश भरलं. दोन्ही टोकांना त्याच बोरोसिलिकेट कांडीचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे बुचासारखे बसवले. काचकाम करणाऱ्या मित्राने कांडी नळीच्या ३ मिलिमीटर भोकाला बसेल इतकी बारीक ओढून दिली होती. बुचांची तोंडं १००० आणि २००० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी घालून घासली. आत बूच आणि ग्लिसरीन यांच्यात परावर्तन जवळजवळ शून्य. फक्त हवेकडच्या तोंडावर काचेचा नेहमीचा सुमारे ४ टक्के तोटा.

एका मीटरला ९२० मायक्रोअँपियर. नंतर नळी कापून, बूच परत बसवून अर्ध्या मीटरला १२२०. हिशेबाने मीटरला अडीच डेसिबलच्या आसपास, आमच्या काचतंतूपेक्षा बरं. प्रदर्शनासाठी मीटरभर नळी पुन्हा भरली. पण मला जो आकडा पाहायचा होता तो वेगळाच होता. भाचीने नळी मुठीत धरली. ९२०. ओल्या फडक्यात गुंडाळली. ९२०. ताईने तेलाचा हात लावला, आणि आकडा हलला नाही.

बाकीचं सर्किट साधं होतं. लेझरच्या बॅटरीच्या वाटेत छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, त्याला मोबाइलचा आवाज, आणि दुसऱ्या टोकाला सोलर पट्टी थेट स्पीकरच्या माइक इनपुटला. नळी हॉलमधून स्वयंपाकघराच्या चौकटीला वळसा घालून आत नेली. ताई आत पोहे करत होती. ओट्याशेजारच्या स्पीकरवर गाणं सुरू झालं तेव्हा तिने गॅस बारीक केला आणि नळी दोन बोटांत धरून पाहिली. गाणं थांबलं नाही. मग भाचीने लेझरपुढे नुसता कागद धरला, आणि ते थांबलं.

प्रदर्शनानंतरही ती नळी खिडकीजवळ टांगलेली आहे. सिलिकॉनमधून पाण्याची वाफ सहज आरपार जाते आणि ग्लिसरीनला पाण्याची ओढ आहे, त्यामुळे आतला अपवर्तनांक हळूहळू उतरणार हे मी तिला सांगितलं होतं. तिने नळीला कागदी पट्टी चिकटवली आहे आणि दर रविवारी तारीख टाकून त्यावर आकडा लिहिते. पहिल्या ओळीत ९२०. गणपतीनंतरच्या रविवारची ओळ ८६० आहे, आणि शेजारी तिच्या अक्षरात एक प्रश्न: बाहेरून ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळली तर वाफ अडेल का? दुसरी नळी भरून तिने तीही शेजारी टांगली आहे, गुंडाळलेली.